पोटात घातलेले दोन थेंब

ही गोष्ट 2008 सालच्या हिवाळ्यातली. आमच्या महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेची मुले दरवर्षी पल्स पोलिओच्या मोहिमेत मदतीला जात. त्यांच्यावर देखरेख करायला कोणीतरी प्राध्यापक लागे. त्या वर्षी ती पाळी माझ्यावर आली. वास्तविक मी मराठीची अध्यापिका. विषाणू आणि लस यांच्याशी माझा संबंध वर्तमानपत्रापुरता. पण मी राहणारी गोवंडीची आणि मोहीमही गोवंडीतच. तेव्हा "बाई, तुम्हाला घरापासून जवळ पडेल," असे म्हणून सहकाऱ्यांनी हा मान मोठ्या उदारपणे मला देऊन टाकला!

गोवंडी म्हणजे एक नव्हे, दोन गावे आहेत. हार्बर लाइनच्या रुळांच्या एका बाजूला देवनारच्या इमारती, शाळा, झाडांची सावली असलेले रस्ते. तिथे आम्ही राहतो. रूळ ओलांडून गेले की शिवाजीनगर, बैंगनवाडी आणि त्यांच्या पाठीशी 1927 सालापासून मुंबईचा कचरा पोटात घेत आलेला देवनारचा डोंगर. दोहोंमध्ये अंतर किती, तर दहा मिनिटांचे. पण इतकी वर्षे इथे राहून मी ती दहा मिनिटे कधी चालले नव्हते, हे कबूल करायला हवे.

रविवारी बूथवर बसायचे आणि दुसऱ्या दिवसापासून घरोघर जाऊन राहिलेली मुले शोधायची, असा क्रम असे. निळी पेटी, तिच्यात बर्फाच्या चपट्या पिशव्या, त्यांच्यामध्ये लसीची चिमुकली कुपी. थेंब पाजले की मुलाच्या डाव्या करंगळीवर शाईची खूण करायची आणि दारावर खडूने निशाणी. सोमवारी दुपारी एका खोलीच्या दाराशी आम्ही उभे राहिलो. आत तीनेक वर्षांची एक मुलगी तांब्यात पाणी ओतून खेळत होती. करंगळी कोरी. तिची आई जालन्याकडून आलेली. आमच्याबरोबरच्या आरोग्यसेविकेने पेटी उघडली, तशी ती बाई उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

"सात येळा पाजलंय की हिला. आता आनि कितींदा?"

"सांगितलंय तितक्यांदा," मी म्हटले.

"तसं न्हाई बाई. एक इचारू का? तंबाखूची सवय होती, दारूची सवय होती. तसं ह्या रोगाचं पानी पुन्हापुन्हा पोटात घातलं, न् पोटाला त्येची सवय झाली, तर? उद्या खरा रोग आला तरी पोट आपलं गप बसंल!"

बरोबरची मुले हसली. दुर्दैवाने मीही हसले. आणि वर म्हणाले, "शिकलेल्या लोकांनी ठरवलंय ते. तुम्ही डोकं कशाला चालवता?"

माझ्या त्या बोलण्याला एक कारण होते, पण ते त्या बाईला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. माझी थोरली आतेबहीण लहानपणी पोलिओने अधू झाली. तिच्या पायाला लावलेल्या लोखंडी पट्ट्यांचा जिन्यावर होणारा आवाज ऐकत मी मोठी झाले. लस नाकारणारी आई दिसली की माझ्या कानात तो आवाज सुरू होतो. पण रागाला कारण असले म्हणजे तो शहाणपणाचा ठरतो असे थोडेच आहे? त्या बाईने शांतपणे दार लावून घेतले.

परतताना आरोग्यसेविका एवढेच म्हणाली, "तिनं विचारलं त्यात चूक काय होती, बाई?" दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटी तिथे गेली, अर्धा तास बसली, आणि मुलीला थेंब पाजूनच आली. तिने काय सांगितले ते मी विचारले नाही. मला लाज वाटत होती.

तळमजल्यावरचे काका

आमच्या इमारतीत तळमजल्यावर सूक्ष्मजीवशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक राहत. साऱ्या इमारतीचे ते काका. त्यांना मी झाला प्रकार सांगितला. मला वाटले, तेही हसतील. पण ते चष्मा पुसत थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "अहो, फार मोठा प्रश्न विचारला तिने. आमच्या शास्त्रात लोकांनी आयुष्ये घालवली आहेत त्यावर. बरं, तुम्ही मराठीच्या. अपराध पोटात घाला, असं आपण का म्हणतो हो? कानात घाला, डोक्यात घाला असं का नाही म्हणत?"

मी म्हटले, "पोट म्हणजे माया. पोटात घालणे म्हणजे क्षमा करणे."

"बस्स! हाच तुमच्या त्या बाईच्या प्रश्नाचा पूर्वार्ध आहे," काका म्हणाले.

त्या संध्याकाळी चहाचे दोन कप होईपर्यंत काकांनी मला जे सांगितले, आणि पुढे मी स्वतः जे वाचले, ते इथे एकत्र मांडते.

आपल्या शरीराचा बाहेरच्या जगाशी संबंध कुठे येतो? आपल्याला वाटते, कातडीशी. पण त्याहून मोठा तो येतो आतड्यात. पचनमार्गाचे अस्तर सुरकुत्यासुरकुत्यांचे आणि केसाळ मखमलीसारखे असते. ते ताणून पसरले तर टेनिसच्या मैदानाएवढे होईल असे पुस्तकांत असायचे. 2014 मध्ये स्वीडनमधील दोघा शास्त्रज्ञांनी नीट मोजले, तेव्हा ते सुमारे 32 चौरस मीटर भरले. म्हणजे साडेतीनशे चौरस फूट! मुंबईकराला हा आकडा समजावून सांगायला नको. झोपडपट्टी पुनर्वसनात मिळणाऱ्या खोलीपेक्षा थोडी मोठी जागा प्रत्येकजण पोटात घेऊन हिंडत असतो.

आणि या खोलीत रोज केवढी वर्दळ! भात, डाळ, दूध, अंडे, शेंगदाणे हे सारे शरीराच्या दृष्टीने परके पदार्थ. शिवाय कायमचे बिऱ्हाड करून राहिलेले अब्जावधी जंतू. रक्तात परका पदार्थ शिरला की शरीर त्याच्यावर तुटून पडते. तोच न्याय आतड्याने लावला, तर आपण रोज जेवणानंतर आजारी पडू. म्हणून आतड्याच्या पहारेकऱ्यांना मारामारी येण्याआधी सोसणे यावे लागते. अंगावरच्या प्रतिकारपेशींपैकी पुष्कळशा या ठिकाणी तैनात आहेत, आणि त्यांचे बरेचसे काम हात न उगारण्याचे आहे!

सोसणे शिकवावे लागते

हे सोसणे कसे घडते, याचा पहिला चांगला पुरावा 1911 साली अमेरिकेत मिळाला. गिनीपिगला अंड्यातील पांढरे टोचले आणि काही दिवसांनी पुन्हा टोचले, की ते प्राणी तडफडून मरत. पण वेल्स नावाच्या शास्त्रज्ञाला आढळले की, ज्या गिनीपिगना आधी तेच अंडे खाऊ घातले होते, त्यांना पुढे टोचल्यावर असे काही होत नाही. पदार्थ तोच, फरक फक्त तो कोणत्या वाटेने आला याचा. तोंडाने आलेला पाहुणा, टोचून आलेला चोर!

याची व्यवस्था अशी. आतड्याच्या अस्तरात ठिकठिकाणी प्रतिकारपेशींच्या चौक्या असतात. स्वित्झर्लंडच्या पायर यांनी 1677 मध्ये त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना पायरचे ठिपके म्हणतात. या चौक्यांवरच्या काही पेशी अन्नाचे बारीक कण आत ओढून घेतात. दुसऱ्या काही पेशी ते कण उचलून जवळच्या गाठींत नेतात आणि तिथल्या नवख्या पेशींना दाखवतात. दाखवताना आजूबाजूला शांतता असेल, कुठे जखम नाही, आरडाओरडा नाही, तर त्या नवख्या पेशी लढवय्या न होता आवर घालणाऱ्या होतात. "हा आपला आहे, याच्या वाटेला जाऊ नका," असे त्या इतरांना बजावतात. हे शिक्षण देताना अ जीवनसत्त्वापासून होणारा एक पदार्थ उपयोगी पडतो. पालेभाजी, गाजर, पिकलेली पपई मुलांना खाऊ घाला असे आईला सांगतात, त्यामागे डोळ्यांइतकाच पोटाचाही विचार आहे म्हणायचा.

आवर घालणाऱ्या या पेशी जपानच्या साकागुची यांनी 1995 मध्ये ओळखल्या. त्यांना आणि त्या पेशींमागचा जनुक उलगडणाऱ्या ब्रन्को व रॅम्सडेल या दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांना मिळून 2025 चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. ती बातमी वाचली तेव्हा मला प्रथम आठवला तो शिवाजीनगरचा उंबरा.

आपल्याकडे सहाव्या महिन्यात बाळाचे उष्टावण करतात. मामाच्या मांडीवर बसवून खिरीचे बोट चाटवतात. त्या दिवसापासून पोटाची शाळा खऱ्या अर्थाने सुरू होते. तान्ह्या मुलांना शेंगदाणा देऊ नये, वावडे होईल, असे पाश्चात्त्य डॉक्टर पुष्कळ वर्षे सांगत. 2015 मध्ये लंडनमधल्या एका प्रयोगाने ते मत उलटे केले. वावड्याचा धोका असलेल्या ज्या मुलांना पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचे पदार्थ नेमाने दिले, त्यांच्यात वावड्याचे प्रमाण सुमारे 80 टक्क्यांनी कमी निघाले. (अख्खा दाणा मात्र लहान मुलाला देऊ नये, तो घशात अडकतो, आणि घरात कोणाला मोठे वावडे असेल तर डॉक्टरांना विचारल्यावाचून प्रयोग करू नये.)

मग विषाणूला क्षमा का नाही?

"म्हणजे काका, ती बाई म्हणत होती ते खरंच की! तोंडाने दिलेलं पोट सोसतं. मग विषाणूही सोसायला शिकेल," मी म्हणाले.

"इथेच उत्तरार्ध सुरू होतो," काका म्हणाले. "अंडं आत येतं आणि निमूटपणे पचतं. पोलिओचा विषाणू आत येतो तो घर फोडायला."

पोलिओचा विषाणू तोंडावाटे पोटात जातो आणि घशाच्या व आतड्याच्या पेशींत शिरून आपली संख्या वाढवतो. पेशींना हे कळते. विषाणूची जनुकद्रव्ये ओळखणाऱ्या घंटा त्यांच्यात बसवलेल्या असतात. त्या वाजू लागल्या की चौकीवरची शांतता संपते. तोच कण, त्याच वाटेने, त्याच गाठीत नेला जातो. पण आता तो गोंगाटात दाखवला जातो. मग नवख्या पेशी आवर घालणाऱ्या न होता लढणाऱ्या होतात आणि आय-जी-ए नावाची प्रतिपिंडे तयार करवतात. ही प्रतिपिंडे अस्तरावरच्या बुळबुळीत थरात येऊन थांबतात. पुढच्या खेपेला विषाणू आला की त्याला चिकटतात आणि पेशीला शिवण्यापूर्वीच बाहेर घालवतात. ना ताप, ना सूज. घरात भांडण होऊ न देता दारातूनच परत पाठवणाऱ्या सासूबाईंसारखे त्यांचे काम असते!

पोलिओच्या दोन लसींतला फरक इथे कळतो. अमेरिकेतील साल्क यांची लस 1955 साली आली. तिच्यात मारलेला विषाणू असतो. मेलेला विषाणू आतड्यात वाढत नाही, घंटा वाजवत नाही. त्याचे थेंब पाजून उपयोग नाही. म्हणून ती लस टोचावी लागते. तिने रक्तात प्रतिपिंडे तयार होतात आणि मज्जारज्जू वाचतो, पण आतड्याचे दार पुरते बंद होत नाही. सेबिन यांनी उलटा विचार केला. विषाणू जिवंत ठेवायचा, पण त्याची नखे काढून घ्यायची. तो आतड्यात वाढतो, घंटा वाजवतो, मात्र मज्जारज्जूपर्यंत पोचून इजा करण्याचे बळ त्याच्यात उरलेले नसते. 1959 मध्ये सोव्हिएत संघात लक्षावधी लोकांना ही लस देण्यात आली, आणि मग ती जगभर पसरली.

तेव्हा आमच्या त्या बाईला खरे उत्तर हे होते: थेंबांनी पोटाला रोगाची सवय होत नाही, ओळख होते. सवय निर्जीव आणि निरुपद्रवी गोष्टीची होते. विषाणू जिवंत आहे म्हणूनच पोट त्याला पोटात घालत नाही.

सात वेळा तरी का?

पण तिचा पहिला प्रश्न उरतोच. सात वेळा पाजल्यावर आठव्यांदा कशासाठी? वर्गातल्या हुशार मुलाला एकदा सांगितले की पुरते. पोटाला का पुरू नये?

श्रीमंत देशांत तीन डोसांनी बहुतेक सर्व मुले सुरक्षित होत. आपल्याकडे तसे होत नाही, हे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील डॉक्टर जेकब जॉन यांनी 1970 च्या दशकातच दाखवून दिले होते. पुढे 2006 मध्ये एक हिशेब प्रसिद्ध झाला. तीन जातींच्या विषाणूंची जी एकत्र लस तेव्हा देत, तिचा एक डोस पहिल्या जातीच्या पोलिओपासून उत्तर प्रदेशात शंभरांतल्या अवघ्या 9 मुलांना संरक्षण देई. महाराष्ट्र ज्यात येतो त्या उर्वरित भारतातील बहुतेक भागांत सुमारे 21 मुलांना. आता आपणच वहीवर मांडून पाहावे. दर डोसाला 21 टक्के धरले, तर सात डोसांनंतर शंभरांतली 81 मुले सुरक्षित होतात, 19 उरतात. दर डोसाला 9 टक्के धरले, तर सात डोसांनंतरही 52 मुले उघडीच राहतात! आठवा डोस म्हणजे आधीच्या सातांचा अपमान नव्हे. ज्या मुलांचे दार अजून उघडले नाही त्यांच्या दारावरची ती आणखी एक थाप असते. ज्याचे काम आधीच झाले आहे त्याच्या पोटातली प्रतिपिंडे नव्या थेंबांना परत पाठवतात, त्याचे काही बिघडत नाही. कोणते मूल कोणत्या गटातले, हे करंगळी पाहून कळत नाही. म्हणून सगळ्यांनाच पुन्हा पाजायचे.

थेंब फुकट का जातात? लसीत पाणी घातलेले असते म्हणून नव्हे. कुपीवर एक वर्तुळ आणि त्यात चौकोन असतो. उन्हाने लस बिघडली की तो चौकोन काळा पडतो, म्हणजे ती फसवणूक कुपीच उघडी पाडते. खरे कारण पोटातच आहे. जिथे नळाला तासभर पाणी येते, ते गटाराच्या कडेने आलेल्या नळीतून भरावे लागते आणि शेजारच्या पन्नास घरांना एक शौचालय असते, तिथे मुलाच्या आतड्यात आधीच इतर विषाणूंची गर्दी असते. पेशींच्या खोल्या भरलेल्या. लसीच्या विषाणूला जागाच मिळत नाही. वरचेवरच्या जुलाबांनी आतड्याची मखमल झिजते. शिवाय लसीतल्या तीन जाती आपसांतच भांडत आणि दुसरी जात इतर दोघींना मागे टाकी. माझ्या घरच्या मुलाला जे संरक्षण तीन डोसांत मिळण्याची शक्यता होती, ते मिळवायला रुळांपलीकडच्या मुलीला आठ-दहा वेळा तोंड उघडावे लागत होते. अंतर दहा मिनिटांचे! ती आई विचारत होती ते 'किती वेळा' याचे खरे उत्तर नळाच्या पाण्यात होते, आणि आम्ही तिच्या अडाणीपणावर हसलो.

तेरा जानेवारी

पुढची कथा आनंदाची आहे, म्हणून थोडक्यात सांगते. 2005 पासून एकाच जातीची लस वापरात आली आणि उत्तर प्रदेशातही तिचा गुण जवळजवळ तिप्पट आला. 2010 पासून दोन जातींची लस मिळू लागली. मुंबईत 2001 पासून गटारांतल्या सांडपाण्याचे नमुने तपासण्यात येत होते. परळच्या हाफकिन संस्थेच्या आवारातील प्रयोगशाळेत ते जात. सुमारे दोनशे संसर्गांत एखाद्याच मुलाचा पाय लुळा पडतो, बाकीचे विषाणू सोडत हिंडतात. तेव्हा पायांपेक्षा गटार अधिक खरे बोलते. देशातला शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी पश्चिम बंगालमधल्या हावड्यात सापडला. 27 मार्च 2014 रोजी भारत पोलिओमुक्त ठरला. त्या दिवशी मी आतेबहिणीला फोन केला. ती म्हणाली, "बरं झालं. आता माझ्यासारखी मीच शेवटची." आणि हसली.

सेबिनच्या थेंबांना एक उणी बाजू आहे, तीही लपवू नये. काढून घेतलेली नखे क्वचित पुन्हा उगवतात. जिथे लसीकरण अपुरे आहे, तिथे लसीचाच विषाणू मुलांमुलांतून फिरत फिरत पुन्हा दुष्ट होऊ शकतो. म्हणून 25 एप्रिल 2016 रोजी आपल्या देशाने लसीतून दुसरी जात काढून टाकली, आणि त्याआधीच, नोव्हेंबर 2015 पासून, टोचायची लस जोडीला घेतली. यातही एक नवल निघाले. ज्या मुलांनी आधी थेंब घेतले होते त्यांना ही लस टोचली, की त्यांच्या आतड्यातली जुनी ओळख ताजी होते; हे वेल्लोर आणि मुरादाबाद इथल्या अभ्यासांत 2014 मध्ये दिसून आले. दंडाला टोचले आणि पोटाला आठवले!

उलटेही घडते. 2017 मध्ये शिकागो आणि पिट्सबर्गच्या शास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग केला. रिओ जातीचा एक अगदी सौम्य विषाणू उंदराच्या पोटात गेला. त्याने उंदीर आजारी पडला नाही, विषाणू निघूनही गेला. पण त्याच वेळी खाऊ घातलेल्या गव्हाच्या प्रथिनाविरुद्ध पोट बंड करून उठले. गोंगाट एकाने केला आणि मार दुसऱ्याला बसला. माणसांतील गव्हाच्या वावड्यामागे असेच काही असेल का, याचा शोध चालू आहे. तात्पर्य, सोसणे आणि लढणे हे पोटाचे दोन धडे एकाच पाटीवर लिहिलेले आहेत, एक पुसताना दुसराही कधी पुसट होतो.

न दिलेले उत्तर

हे सारे कळल्यावर मी त्या गल्लीत पुन्हा गेले. मध्ये वर्ष उलटले होते. त्या खोलीत दुसरे बिऱ्हाड होते. जालन्याची माणसे कुठे गेली ते कोणाला ठाऊक नव्हते. गोवंडीत खोल्या अशाच हात बदलतात.

2022 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्याच वस्त्यांत गोवराची साथ आली आणि लहान मुले दगावली. लस न घेतलेली मुले पुष्कळ निघाली. वर्तमानपत्रांत लिहून आले की, लोक लस घेत नाहीत, त्यांच्यात अज्ञान फार. ते वाचताना मला माझेच वाक्य ऐकू आले, "तुम्ही डोकं कशाला चालवता?" किती दारे अशा एकेका वाक्याने बंद झाली असतील, याचा हिशेब कोणत्याही नोंदवहीत नाही.

पाणी ओतून खेळणारी ती मुलगी आज वीस वर्षांची असेल. कोण जाणे, आमच्याच महाविद्यालयात असेल, माझ्याच वर्गात मागच्या बाकावर बसत असेल. दरवर्षी वाक्प्रचार शिकवताना 'पोटात घालणे' आले की मी मुलांना ही हकिगत सांगते, त्या बाईचा प्रश्न तिच्याच शब्दांत सांगते, आणि कोणी हसले तर हसू ओसरेपर्यंत थांबते. मग काकांनी दिलेले उत्तर फळ्यावर मांडते. ज्या उंबऱ्यावर ते द्यायला हवे होते तिथे ते पोचले नाही. तेवढा माझा अपराध त्या माउलीने पोटात घालावा.